पाठ केलेली नजर

देवराव काळमेघ गाडीत चढण्याआधी टायरला हात लावून पाया पडत. मग त्याच टायरला लाथ मारून हवा तपासत. देवाला लाथ मारता काय, असं कोणी विचारलं की म्हणत, "देवच होय तो. समजून घेते."

नरखेडकडची संत्री हैदराबादला न्यायची, येताना मिळेल तो माल घेऊन गांधीबागेच्या बाजारात उतरवायचा. तरणेपणापासून हेच चाललं होतं. गाडी कधी कुठे घासली नाही, याचा त्यांना फार अभिमान. तो ते लपवतही नसत.

पण यंदाच्या हंगामात मालासोबतच्या पावतीवरची, बिल्टीवरची, अक्षरं पुसट झाली. देवरावांनी छापखान्याला शिव्या घातल्या. मग मोबाइलवरची अक्षरंही तशीच दिसू लागली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. डोळे गेले! आणि नेमकं लायसन नवं करायला आलेलं. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार. नजर, रंग, कान, सगळं पाहतात. नापास झालं की गाडी गेली. आणि गाडीवाचून देवराव म्हणजे कोण, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

रस्ता मात्र लख्ख दिसत होता. त्यावर त्यांनी स्वतःची समजूत काढली होती. रस्ता पाठ आहे, म्हणून दिसतो.

"अबे, घाबरून काहून राहिला?" धर्मेंद्र म्हणाला. तो मौद्याच्या वीजकेंद्रातून राखेचा ट्रक चालवायचा. दोघांची दोस्ती चहाच्या टपरीवरची. "डॉक्टरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता असते. सगळीकडं एकच. पाठ कर न् म्हणून टाक. मी असाच पास झालो."

"मले इंग्रजी कुठं येते गा?"

"भजन येते ना?"

येत होतं. गावच्या मंडळात देवराव खंजिरी वाजवत. धर्मेंद्रनं अक्षरं भजनाच्या चालीत बसवून दिली. ई... एफ पी... टी ओ झेड... देवराव स्टिअरिंगवर ताल धरून तेच गुणगुणू लागले. घरीही तेच.

"हे कोन्या देवाचं भजन होय जी?" कौसल्याबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"आरटीओचं."

डॉक्टर नूपुर वयानं लहान होती. तिनं देवरावांना खुर्चीत बसवलं आणि एक डोळा झाकायला सांगितला. देवरावांनी गळा साफ केला. भजनात मिटतात तसे दोन्ही डोळे मिटले आणि वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता गाऊन टाकला.

डोळे उघडले तर समोर ती अक्षरंच नव्हती. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी तिथे वेगळा तक्ता लावला होता. तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण, कुठे उजवीकडे तोंड केलेली, कुठे खाली, कुठे वर.

मग देवरावांच्या पाठीमागे, पार भिंतीशी, डॉक्टर नर्सच्या कानात पुटपुटली, "आवाज छान आहे. चाल जरा ओढली, नाही का माया?"

"चाल बराबर होती मॅडम," देवराव मागे न वळता म्हणाले.

"कान पास," डॉक्टर म्हणाली. माया पदरात तोंड लपवून हसत होती.

देवरावांना मात्र हसू येईना. "खोटं कायले बोलू. माझे डोळे गेले. बिल्टी दिसत नाही."

"आणि रस्ता?"

"तो पाठ आहे."

"रस्त्यात आडवी येणारी म्हैसही पाठ असते?"

देवराव विचारात पडले. म्हशी दर वेळी नव्या असत, हे खरं होतं.

"आता डोळा उघडा ठेवा. फणीचं तोंड जिकडे, तिकडे बोट."

बोट वर गेलं. डावीकडे गेलं. ओळी बारीक होत गेल्या आणि बोट न चुकता फिरत राहिलं. शेवटची ओळही गेली. दुसरा डोळाही तसाच. रंगही सगळे ओळखले.

"काका, लांबची नजर तरण्या पोराची आहे. जवळचं या वयात सगळ्यांनाच धूसर होतं. वाचायला चष्मा घ्या."

"म्हणजे गाडी..."

"चालवा की!"

बाहेर येऊन त्यांनी आधी कौसल्याबाईंना फोन केला.

"इतकंच ना?" त्या म्हणाल्या. "मले कधीचं तांदळातले खडे दिसत नाही. मी घर चालवाचं सोडलं काय?"

समोरच्या टपरीवर धर्मेंद्र चहा घेऊन उभा होता. देवराव त्याला नाचतच भेटले. रस्त्यावरची दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचू लागले. कापडाची दुकानं, दाताचा डॉक्टर, पार टोकाची बस.

"पाह्य, काटोलची बस."

"कुठं?"

"ते काय, लाल."

"जवळ तर येऊ दे बे."

देवरावांचं हसू थांबलं. बस आली, टपरीला लागली, तेव्हा कुठे धर्मेंद्रनं पाटी वाचली.

"तू मले तक्ता शिकवला," देवराव हळू आवाजात म्हणाले. "पण पाठ कोनासाठी केला होता गा?"

धर्मेंद्र कपात पाहत राहिला. "लायसन जाईन ना देवराव."

"त्याच्याआधी कोनाचा जीव जाईन. चाल."

दंडाला धरून त्यांनी त्याला आत नेलं. चष्मा लावून गाडी चालवता येते, नजर लपवून नाही, एवढंच डॉक्टर म्हणाली. तिनं धर्मेंद्रच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम ठेवली आणि एकेक भिंग बदलत गेली. धर्मेंद्र मुकाट बसला होता. एका भिंगाला त्याची मान ताठ झाली. त्यानं भिंत पाहिली, पंखा पाहिला, मायाला पाहिलं. मग पलीकडे दारात उभ्या दोस्ताकडे नजर गेली आणि तिथेच थांबली.

"बाप्पा!" तो ओरडला. "देवराव, तू एवढा म्हातारा कधी झाला बे?"