तिच्या वाटचे बोंबील

मुरुडचं काही सांगा म्हटलं की लोक जंजिरा सांगतात, नवाबाचा वाडा सांगतात. मला मासळीबाजारातली एक कोळीण दिसते. तिचं नाव मला माहीत नाही.

बायको वारली. सुतक फिटल्यावर तिचीच टोपली घेऊन मी जन्मात पहिल्यांदा मासळी आणायला गेलो. कोळिणीनं टोपली ओळखली. मी सरंगा नुसता दाबून बघितला, तशी ती ओरडली, "अरे बाबा, कल्ला उचलून बघ! पाव हाय काय तो दाबायला?" सगळा बाजार हसला. मग तिनं विचारलं, "माझी बाय कुठं हाय?"

एवढ्या हसण्यात रडायला नको, म्हणून मी बोललो, "म्हायेरी गेलीय."

तेव्हापासून ती कमरेवर हात ठेवून माझ्यामागं रस्त्याकडं बघायची. परवा म्हणाली, "भांडलास ना? जा, हाताला धरून आण तिला." आणि मूठभर सुके बोंबील टोपलीत टाकले. "हे तिचे. तू खायचे न्हाय."

आता मी बाजार टाळून वाड्याकडून लांबच्या वाटेनं जातो. बोंबील शिंक्यात आहेत. खाववत नाहीत, आणि परत द्यायला तोंड नाही.