सरोजताईंचा जादा रकाना

१९९४ च्या जानेवारीत कळव्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी दीड महिन्यासाठी गेलो, तेव्हा मला एमबीबीएस होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. तिथले जुने डॉक्टर हरिहर गुप्ते यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मला खुर्ची दाखवताना ते एवढंच म्हणाले, "काही अडलं तर सरोजताईंना विचारा."

सरोज टिपणीस म्हणजे केसपेपर लिहिणाऱ्या बाई. राहायला वर्तकनगरला, वय पंचेचाळीसच्या पुढे, शिक्षण मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा. चौदा वर्षं त्या पेशंटचे कागद लिहून, गठ्ठे बांधून कपाटात ठेवत होत्या. आदल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने वापरलेला कॉम्प्युटर दवाखान्याला दिला. तो कोण चालवणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला टायपिंग येतं. बाकीचं शिकेन."

शिकवलं त्यांच्या शेजारच्या हेमाने. ती तेवीस वर्षांची, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. महिनाभर रोज संध्याकाळी ती ताईंच्या शेजारी बसायची. तिने पेशंटची यादी ठेवायचा प्रोग्राम लिहिला: नंबर, नाव, आडनाव, वय, पत्ता, आजार, औषध. ताईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, यात एक रकाना कमी आहे. घरी काय म्हणतात ते कुठे लिहायचं?"

"त्याची काय गरज, काकू?"

"आपल्याकडे येणाऱ्या बायकांचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि आळीत हाक मारतात ते तिसरंच. एकाच बाईचे तीन केसपेपर सापडलेत मला."

हेमाने तो जादा रकाना घातला. मग दुपारी दवाखाना बंद असताना ताई जुने गठ्ठे उघडून रोज चाळीस-पन्नास नावं इंग्रजी अक्षरांत भरत बसल्या. फ्लॉपी खराब झाली म्हणून एकदा आठवडाभराचं काम पुसलं गेलं. त्या रडल्या, असं हेमाने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच गठ्ठा पुन्हा उघडला.

मला हे सगळं तेव्हा जरा हौसेचं वाटायचं. डॉक्टरकीचा आणि कॉम्प्युटरवरच्या त्या हिरव्या अक्षरांचा काय संबंध?

फेब्रुवारीत एका सकाळी खाडीकाठच्या वस्तीतली दगडाबाई लंगडत आली. चिखलात मासे धरताना कालवाच्या शिंपलीने तळपाय कापला होता. जखम पिकून पाय पोटरीपर्यंत सुजला होता, अंगात ताप होता. तिचे हाल बघून ताईंनी तिला थेट आत पाठवलं, आणि तिच्यासोबत आलेली जाऊ सगुणा हिला बाहेर बसवून नाव-पत्ता विचारायला घेतला.

मी दगडाबाईला विचारलं, "यापूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झालाय?"

"नाय बा."

मी पेनिसिलिन द्यायचं ठरवलं. आधी चाचणीपुरता थेंब कातडीखाली टोचायचा म्हणून सुई भरली. तिचा हात हातात घेतला, तेवढ्यात सरोजताई पडदा सारून आत आल्या आणि त्यांनी सरळ माझं मनगट धरलं.

"डॉक्टर, थांबा. सगुणा सांगते, यांना घरी मनुबाई म्हणतात."

मला काही कळेना. ताई धापा टाकत म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर मनुबाई नावाने ९१ चा कागद निघाला. नवऱ्याचं नाव गोमाजी, पत्ता तोच. पेनिसिलिन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. गुप्ते डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं होतं."

मी सुई खाली ठेवली. दगडाबाईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "ते तं बाहेरचं झालंतं, औषदाचं नाय."

तिच्या दृष्टीने ती भुताखेताची बाधा होती; ती खोटं बोलली नव्हती. आणि मी विचारायचं ते विचारलं होतं. तरीही, चाचणीचा एवढासा थेंबसुद्धा अशा माणसाच्या जिवावर बेततो. ताईंनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "दुसऱ्या गोळ्या आहेत ना? त्या लिहा."

दुसऱ्या गोळ्यांनी आणि रोजच्या मलमपट्टीने पाय बारा दिवसांत बरा झाला. ताईंनी तिला एक पुठ्ठ्याचं कार्ड करून दिलं. त्यावर 'पेनिसिलिन नको' असं लिहिलं आणि तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारी सुईचं चित्र काढून लाल फुली मारली. "कुठल्याही दवाखान्यात गेलात, की आधी हे दाखवायचं." त्यानंतरच्या शनिवारी दगडाबाई ताईंसाठी वाटाभर जिवंत निवट्या, खाडीच्या चिखलातले छोटे मासे, घेऊन आली. "बाय, तुज्या पेटीनं माजं नाव वळखलं," असं म्हणून तिने ताईंच्या गालावरून हात फिरवला. ताई म्हणाल्या, "पेटीने नाही गं, हेमाने." आणि निम्म्या निवट्या हेमाकडे पोचवल्या.

हेमाने पुढे प्रोग्राममध्ये बदल केला. ज्याला एखादं औषध चालत नाही, त्याचं नाव उघडलं की कॉम्प्युटरचा पडदा लुकलुकायला लागे. मी दीड महिन्यासाठी गेलेलो, तो सहा वर्षं राहिलो. त्या काळात ताईंनी असे एकतीस पेशंट शोधून दिले.

मी डॉक्टर झालो तो कॉलेजात. पण माणसाचं नाव नीट विचारून घ्यायला मला सरोजताईंनी शिकवलं. आज माझ्या नावावर चुकीच्या औषधाने झालेला एकही मृत्यू नाही, हे मी त्यांचं देणं मानतो.