दयाराम मास्तरांना न दिसलेली चूक

आमच्या दयाराम गुरुजींना मी कधी खुर्चीत टेकलेलं पाहिलं नाही. शाळेत खुर्ची होती, तिच्यावर ते डस्टर ठेवायचे. स्वतः भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत, बघणाऱ्याला घेरी यायची. गावातल्या बाया म्हणायच्या, ह्या मास्तरच्या पायाला भिंगरी हाय. माझ्याही पायाला तीच. अजूनही कुणी "रंगू, जरा स्वस्थ बस गं" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव शेव्याच्या अंगाला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अगदी खाडीला लागून. सगळी आगरी वस्ती, भात आणि मिठागरावर जगणारी. दयाराम घरत त्याच गावचे, मराठी सातवीची फायनल पास होऊन मास्तर झालेले. स्वातंत्र्य आलं आणि सरकारने प्राथमिक शाळेतलं इंग्रजी काढून टाकलं. आठवीत गेलात की शिका, म्हणाले. अहो, पण आठवीत जाणार कोण? हायस्कूल तालुक्याच्या गावी, आणि तिथली पोरं घरी शिकून आधीच पुढे पळालेली. गुरुजींना हे बघवेना. शाळा सुटल्यावर शिकवायला मनाई नव्हती, म्हणून त्यांनी शाळेच्या पडवीत रोज तासभर इंग्रजी सुरू केलं. बावीस पोरं यायची, त्यात पोरी आम्ही तिघीच.

शब्दांचे त्यांनी तीन वाटे केले होते. आजचे ते ताजे, आठवड्याचे ते शिळे, महिन्याचे ते खारवलेले. रोज तिन्ही वाट्यांतले थोडे थोडे शब्द विचारायचे आणि एकदा शिकला म्हणून कुठल्याच शब्दाला सुट्टी द्यायची नाही. आणि हे काय वर्गातच होतं होय? मी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चाललेली असायची आणि समोरून हे यायचे, धोतराचा सोगा हातात धरून, झपाझप.

"रंगू, खारवलेला सांग! ओहोटीला काय म्हणशील?"

चुकलं तर टोपली डोक्यावर तशीच ठेवून तीनदा म्हणायचं. माझी आई सोनूबाई पलीकडून ओरडायची, "मास्तर, पोरीची मान मोडंल की वो!" मास्तर तोवर पुढच्या बांधावर, दुसऱ्या कुणाला तरी गाठलेलं.

लिहिण्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. सोमवारी लिहायचं आणि वही कपाटात टाकायची. बुधवारी बाहेर काढायची आणि शेवटच्या ओळीपासून वर वर वाचत यायचं. आपली चूक आपणच पेन्सिलीने खोडायची. गुरुजींनी आमच्या इंग्रजीच्या वहीवर लाल रेघ कधी ओढली नाही. "मी काढली तर ती माझी झाली, तुला काय राह्यलं?" असं म्हणायचे. आणि पानाच्या तळाशी हिशोब लिहायचा: काढल्या इतक्या, खटकते इतकी. खटकते म्हणजे, काहीतरी बिघडलंय असं मन सांगतं पण बोट ठेवता येत नाही, ती. ही ओळ न लिहिता वही दिली की गुरुजी ती परत करायचे. आम्हाला वाटायचं, साऱ्या जगात असंच लिहितात.

सत्तावन्न साली तालुक्याच्या त्या हायस्कुलात मुलींच्या वसतिगृहात एकच जागा रिकामी होती. परीक्षा घेऊन देणार होते, आणि तिथली पोरं घरी इंग्रजी शिकून येतात म्हणून तिच्यात इंग्रजीचाही पेपर. जागा मिळाली तर मी आठवीत. नाही मिळाली तर बांधावर, आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न. माझा बा, भागोजी, तसं स्पष्टच म्हणाला होता. "एक डाव जाऊ दे मास्तरच्या शब्दाखातर. मग गप बसायचं."

मी पेपर लिहिला. घरच्या कामावर लिहायला सांगितलं होतं, मी मिठागरावर लिहिलं. खालून वर वाचलं, चार ठिकाणी खोडलं, पुन्हा लिहिलं. आणि सवयीने तळाशी, इंग्रजीतच, हिशोब मांडला: चार काढल्या, एक खटकते, सापडत नाही.

बाई गं! पुढचे आठ दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. भाकरी करपत होती, टोपली वाटेतच उतरवून ठेवत होते, कुणी हाक मारली तरी दचकत होते. गुरुजी दिवसातून दोनदा आमच्या दारावरून जायचे. काही विचारायचे नाहीत. नुसते डोकावायचे आणि पुढे.

नवव्या दिवशी चिठ्ठी आली. मुलीला, पालकाला आणि मास्तरांना घेऊन या.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही तिघं उभे. त्यांनी माझा पेपर टेबलावर पसरला. "पेपर बरा आहे. पण हे खाली काय लिहिलंय? पाचवी चूक आहे हे हिला कळलं कसं? आणि खरोखर एक चूक राहिलेली आहे! कुणीतरी खुणावल्याशिवाय हे होईल का?"

बा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी घराची अब्रू वेशीवर टांगली.

गुरुजींनी सगळं समजावलं. वह्या, कपाट, बुधवार, खटकणारी चूक. बोलताना त्या एवढ्याशा खोलीतही येरझाऱ्या चालूच. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि पेपर त्यांच्यापुढे सरकवला. "ठीक आहे. मग राहिलेली चूक तुम्ही दाखवा. तुमचीच पद्धत ना?"

गुरुजींनी पेपर हातात घेतला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. आणि ते थांबले. म्हणजे त्यांचे पाय थांबले, जन्मात पहिल्यांदा मी ते बघितलं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मी त्यांच्या कोपराशी उभी होते, माझीही नजर पेपरवर होती. आणि मला ती चूक दिसली. तिसऱ्या ओळीत एक शब्द लिहायचाच राहून गेला होता. स्वच्छ दिसली. पण गुरुजींच्या आधी मी कशी बोलू? ओठ घट्ट मिटून घेतले. माझं तोंड एरवी कधी बंद नसतं, नेमकं तेव्हाच बंद राहिलं.

गुरुजींनी पेपर टेबलावर ठेवला.

"मला दिसत न्हाय, साहेब," ते म्हणाले. शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "मी सातवी पास. इंग्रजीची तीन पुस्तकं झालीत माझी, ती बी पोरांना शिकवता शिकवता. लाल रेघ मारत न्हाय, कारन मलाच खात्री नसते. पोरं शोधतात, त्यांच्याबरोबर मी बी शोधतो. हिला माझ्याजवळचं सगळं देऊन झालंय. आता पुढचं माझ्याकडं न्हाय, म्हनून तर तुमच्याकडं आनलीय."

"ज्यांना स्वतःलाच चूक दिसत नाही, ते हिला काय खुणावणार?" हेडमास्तर म्हणाले. मग कागद ओढला, वसतिगृहाच्या जागेपुढे माझं नाव लिहिलं आणि सही केली.

बाहेर पडलो तर बा हसायलाच लागला. "म्हंजे मास्तर, तुमालाच येत न्हाय व्हय! आनि आमी इतकी वर्सं तुमाला इंग्लिश मास्तर म्हनतो!"

माझ्या अंगाची लाही झाली. "बा, गप! गुरुजी, मला दिसली होती ती. तिथंच, तुमच्या हातात पेपर असताना."

गुरुजी वळले. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या आधी कशी बोलू?"

ते कधी कुणावर ओरडले नव्हते, त्या दिवशी भर रस्त्यात ओरडले. "जागा गेली असती तर? माझा मान राखायला तू जल्म घालवनार होतीस? चूक दिसली की बोलायची! मी असेन, तुझा बा असंल, न्हायतर तो हेडमास्तर असंल!" आणि मग एकदम हळू आवाजात, "कुठं होती गं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. तो राहिलेला शब्द घालून दोनदा वाक्य पुटपुटले आणि चालायला लागले.

बाने आठवड्याभरात गावभर केलं. धक्क्यावर, पारावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं. मास्तरलाच येत न्हाय, त्यानेच कबूल केलं. वाईट मनाने नाही केलं, त्याला ती गंमत वाटली. जूनमध्ये मी वसतिगृहात गेले तेव्हा पडवीत बावीसांतली चार पोरं उरली होती. त्यातल्या दोघांचे बाप मुंबईला होते, त्यांच्यापर्यंत बातमी पोचायची होती. गुरुजी त्या चौघांपुढे तसेच येरझाऱ्या घालत शिकवत होते, आवाज बावीस पोरांपुढे असायचा तेवढाच.

पुढे मी शिकले, नोकरी केली, इंग्रजीत अर्ज लिहिले आणि लोकांचे दुरुस्त करून दिले. बाला त्या गोष्टीसाठी मी माफ केलेलं नाही. तो जाऊन वर्षं लोटली, तरी नाही. आणि मी तरी कोण लागून गेले? एक शब्द बोलले असते तर गुरुजींवर ते कबूल करायची पाळीच आली नसती. हे मी एकदा सुट्टीत त्यांना रडत रडत बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, त्याचं काय एवढं!" आणि लगेच दुसरंच काही विचारायला लागले. आम्हा दोघांनाही त्यांनी केव्हाच माफ करून टाकलं होतं. मला राग येतो तो त्या माफीचाच.