वर्गाला लिहून दिलेली पहाट

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायला बसलो की मधेच दुसरं काहीतरी आठवायचं, मी तिकडे वळायचो, आणि वळायला मिळालं म्हणून बरंही वाटायचं. आता वय झालं. वळायला फारशा जागा उरलेल्या नाहीत.

निवृत्तीनंतर मी बुधवार पेठेत एक वर्ग चालवत होतो. अकरावी-बारावीच्या मुलांना पदवीच्या अभ्यासासाठी तयार करायचं, असा तो वर्ग. पुस्तक कसं वाचावं, टिपणं कशी काढावीत, आपलं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडावं. दाराबाहेर पाटी होती: ‘येथे मुले स्वतः लिहायला शिकतात.’ पाटी मीच लिहिली होती आणि लिहिली तेव्हा माझा तिच्यावर विश्वासही होता.

खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली सगळी स्पीकर, वायरी आणि माईकची दुकानं. दुपारी पेठ जराशी पेंगायची. उन्हाचा पट्टा बाकांवरून सावकाश सरकायचा, पंखा फिरायचा, आणि खालून कुणीतरी माईक तपासत असायचं, ‘हॅलो, हॅलो, चेक.’ तो आवाज पाण्याखालून यावा तसा वर यायचा. अशा दुपारी शिकवायला जीव लागतो. लिहून द्यायला लागत नाही. मी ‘घ्या लिहून’ म्हणायचो. पेनं एकदम सुरू व्हायची, ‘पूर्णविराम’ म्हटलं की एकदम थांबायची. त्या लयीत मलाही गुंगी यायची.

एकदा एकानं विचारलं, “सर, पण इथे ‘तुमचे मत लिहा’ असं आहे.”

“तुझं मत परीक्षेनंतर,” मी म्हणालो. “आत्ता माझं लिही. मार्कं बरी पडतील.”

वर्ग हसला. मीही हसलो.

मी लिहून दिलेल्या उताऱ्यांत एक सगळ्यांचा आवडता होता. ती माझ्या लहानपणची नरकचतुर्दशीची पहाट होती. बाहेर अजून अंधार, बंबातल्या धुराचा वास, आई अंगाला उटणं लावते आहे, मी कुडकुडतो आहे, आणि मग ओल्या पायांनी अंगणात येऊन डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडतो आहे. कारीट म्हणजे लिंबाहूनही लहान, कडू फळ. ते फुटताना होणारा बारीक आवाज, तळव्याला लागलेला गार रस, हे मी फार मन लावून लिहिलं होतं. मुलांना सांगून ठेवलं होतं, सण येवो, आई येवो, आठवण येवो, गाडी या पहाटेकडे वळवा. दरवर्षी नवी मुलं ती पहाट पाठ करायची. किती अंगठ्यांखाली ते एकच कारीट फुटलं असेल! हळूहळू ती पहाट माझीच होती याची मला खात्री वाटेना. आईच्या हाताचा स्पर्श आठवायला जावं तर तिचा हात येईना, मुलांच्या अक्षरातली वाक्यं डोळ्यांपुढे यायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील त्याच गल्लीत स्पीकर दुरुस्त करायचे. पेठेतलं जुनं मुसलमान घर, दुकान पुढे, राहणं मागे. पहिल्याच महिन्यात मी ‘एक आठवण’ लिहून आणायला सांगितली तेव्हा तिनं वडिलांवर लिहिलं होतं. गणपतीच्या आधी घर स्पीकरांनी भरून जातं, पाय ठेवायला जागा राहत नाही. अब्बा प्रत्येक स्पीकर अगदी बारीक आवाजात लावतात आणि त्याच्या जाळीला कान लावून डोळे मिटतात. लहानपणी ती त्या घरघरीत झोपायची, आणि विसर्जनानंतर स्पीकर गेले की तिला शांततेनं जाग यायची.

शांततेनं जाग यायची. मी हे वाचलं, आणि त्यावर उभी रेघ ओढली.

“हे परीक्षकाला काय कळणार? स्पीकर म्हणजे काय आठवण आहे? ती पहाट पाठ कर.”

“पण सर, आमच्याकडे उटणं...”

“परीक्षक तुझ्या घरी येणार आहे का बघायला?”

तिनं वही मिटली. हुशार होती, दोन आठवड्यांत तिनं ती पहाट माझ्यापेक्षा चांगली म्हणून दाखवली.

बारावीनंतर तिला एका कॉलेजात लेखनाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. जागा थोड्या. प्रवेशासाठी तिथेच बसून एक पान लिहायचं होतं आणि विषय आला, ‘आठवणीतली सकाळ’. तिनं पहाट लिहिली. दोन वर्षं हाताला तीच सवय होती. माझ्याच वर्गातला एक मुलगाही त्याच परीक्षेला बसला होता. त्यानंही तीच लिहिली. दोन्ही कागद एकाच प्राध्यापकबाईंकडे गेले. त्यांनी दोघांना बोलावलं. मुलगा म्हणाला, हे आमच्या घरचं आहे. त्याच्या घरी तसं असणं शक्यच होतं. मग बाईंनी तिला विचारलं, “तुमच्याकडे कारीट फोडतात?”

ती म्हणाली, “नाही. सरांनी लिहून दिलंय. सगळ्यांनाच दिलंय.”

बाईंनी मला फोन केला. तेव्हा माझ्यासमोर वारज्याहून आलेलं एक जोडपं बसलं होतं, मुलाचं नाव घालायला. गृहस्थांनी नुकतंच विचारलं होतं, “अहो, पण आपल्याकडे नोट्स देत नाहीत ना? आम्हाला ते नकोय. त्याला स्वतःचं लिहिता आलं पाहिजे.” आणि मी त्यांना बाहेरची पाटी दाखवली होती.

फोनवर बाई म्हणाल्या, “सर, आपल्याला त्रास देते. हा उतारा आपण मुलांना लिहून दिला होता का?”

जोडपं माझ्याकडे बघत होतं. खाली कुणीतरी गाणं लावलं आणि लगेच बंद केलं.

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे असं काही लिहून देत नाहीत.”

“म्हणजे मुलीनं त्याचं बघून लिहिलं म्हणायचं.”

“ते मी कसं सांगू?”

एवढंच. फोन ठेवला आणि फी, वेळ, सुट्ट्या यांवर बोलू लागलो. माझा आवाज नेहमीसारखाच येत होता याचं मला आश्चर्य वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. वर्ग सुटला होता. दारातच उभी राहून म्हणाली, “सर, ते तुम्हाला विचारतील. तुम्ही सांगाल ना?”

फोन येऊन गेला होता हे तिला माहीत नव्हतं. मी फळा पुसत होतो.

“बघतो,” मी म्हणालो.

जागा मुलाला मिळाली. तिला प्रवेश नाकारला, आणि तिनं नक्कल केली हे गल्लीतही कुणी कुणी बोललं. पुढे ती दुसरीकडे कॉमर्सला गेल्याचं ऐकलं. मी वर्ग आणखी बरीच वर्षं चालवला. पहाट मात्र त्यानंतर कुणाला लिहून दिली नाही; वेगळे उतारे दिले.

गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. दुकान आता तीच बघते. गल्ल्यावर उभी राहून एका गिऱ्हाइकाला सुनावत होती, “काका, हा अँप्लिफायर आहे, भोंगा नाही. याला वाजवायचं असतं, किंचाळायला लावायचं नसतं.” मग तिनं मला पाहिलं. स्टूल पुढे केलं.

“सर? बसा ना. चहा सांगते.”

मी बसलो. दुकानात तापलेल्या सोल्डरचा, कापडाचा, जुन्या लाकडाचा वास होता, आणि सगळं जरा लांबून दिसल्यासारखं दिसत होतं.

“माझी मुलगी पाचवीत आहे,” ती म्हणाली. “निबंध लिहायला बसली की तुमची आठवण काढते मी.”

ती हसत होती. ते हसू कसलं, मला कळलं नाही.

“काही हवं होतं का सर?”

“रिमोटचे सेल,” मी म्हणालो.

“आमच्याकडे नसतात. समोर मिळतील.”

चहा प्यायलो आणि उठलो. समोरच्या दुकानात जाऊन खरोखरच सेल घेतले.

मला तिला म्हणायचं होतं: त्यांनी मला विचारलं होतं. तू दारात आलीस त्याच्या आदल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो. तू नक्कल केली नव्हतीस. तुझ्या अब्बांवर तू जे लिहिलं होतंस ते माझ्या पहाटेहून फार चांगलं होतं, आणि ते मला वाचतानाच कळलं होतं. मला माफ कर.