तळघरातली डिस्क

रुग्णालयाच्या रेकॉर्डरूममधल्या बाईंना पाठीमागे सगळे व्हायरसबाई म्हणत. हे नाव अधीक्षकसाहेबांनी दिलेलं, तेही भर सभेत. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी कुणीतरी बनावट ईमेल उघडला, सगळे संगणक ठप्प झाले आणि तीन दिवस ऑपरेशनं थांबली. ईमेल बाईंच्या खात्यातून उघडलेला होता, एवढं साहेबांना पुरलं. आता खरं सांगायचं तर बाईंचा पासवर्ड साहेबांनीच मागून घेतला होता, कारण स्वतःचा त्यांना कधी आठवत नसे. आणि त्या दुपारी बाईंना पलीकडच्या औषधभांडारात पाठवलं होतं तेही त्यांनीच. पण साहेबांना उलट विचारणार कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी. बढती थांबली, बदली तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये झाली. घरी नणंदसुद्धा आपला फोन बाईंच्या हाताला लागू देईना, आणि वर हसायची.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी डूख धरला. त्या हल्ल्याच्या नोंदींची डिस्क साहेबांनी नष्ट करायला खाली पाठवली, ती बाईंनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. कुठल्या संगणकावर, किती वाजता, काय उघडलं, सगळं तिच्यात होतं. पण लाखो ओळी वाचणार कोण? एका जाणकाराला विचारलं तर तो म्हणाला, वर्ष जाईल आणि तुमचा पगारही. बाईंनी कपाटाला पुन्हा कुलूप लावलं.

मग सरकारने जाहीर केलं, की रुग्णालयांच्या संगणकांवर पहारा ठेवणाऱ्या एआय यंत्रणेसाठी सरकारी निधी मिळेल. साहेबांनी सगळ्यांच्या आधी अर्ज ठोकला. ‘आम्ही हल्ला सोसला आहे’ असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण निधीची एक अट साहेबांनी वाचली नव्हती आणि परिपत्रक फाईलला लावताना बाईंनी ती तीनदा वाचली होती. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनी त्याच्या नोंदी यंत्रणेला शिकायला द्यायच्या, नाहीतर निधी नाही.

निधीचा अधिकारी आला तेव्हा साहेबांनी नोंदी नष्ट झाल्याचं सांगितलं. त्याने कागद आवरायला घेतले, तेवढ्यात बाई जिना चढून वर आल्या आणि डिस्क टेबलावर ठेवली.

त्या संध्याकाळी ते सहा वर्षांत पहिल्यांदा तळघरात उतरले. बाईंनी खुर्ची दिली नाही. डिस्क खराब आहे एवढं लिहून द्या, बढती मी बघतो, असं त्यांचं म्हणणं. हळू आवाजात माफीसुद्धा मागून झाली. बढती म्हणजे जास्त पेन्शन, आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. बाईंचं मन क्षणभर डळमळलं, हे कशाला लपवा?

“तेव्हा भर सभेत बोलला होतात,” त्या म्हणाल्या. “आता माफी इथे कशाला? इथे फक्त उंदीर ऐकतात.”

दुसऱ्या दिवशी यंत्रणेने ती डिस्क चाळीस मिनिटांत वाचली. खातं बाईंचं, संगणक साहेबांच्या केबिनमधला, वेळ एक वाजून वीस. आणि त्याच नोंदींत, त्याच मिनिटाला, औषधभांडाराच्या हजेरी मशीनवर बाईंचा अंगठा. अधिकाऱ्याने हे, जिथे बाईंना ते नाव ठेवलं होतं त्याच सभागृहात, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर दाखवलं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना गोड वाटलं, इतकं गोड की त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी शेवटची ओळ संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

निधी मंजूर झाला आणि साहेब सक्तीच्या रजेवर गेले. जाण्याआधी चौकशी अहवालावर सही करायला त्यांना रेकॉर्डरूममध्येच यावं लागलं. सही करून त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, की असले कागद किती वर्षांनी फाडून टाकतात.

“साधे असले तर दहा वर्षांनी,” बाईंनी सांगितलं आणि अहवालावर ‘कायम जतन’ असा शिक्का मारला. “हा नाही फाडत.”