गुरुवारची टर्की

अमेरिकेत निम्म्याहून जास्त आयुष्य काढलं, पण थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. हसू नका. म्हणजे माहीत होतं हो, कॅलेंडरवर दिसतंच की. पण आमचं थँक्सगिव्हिंग कायम शनिवारी. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातली आम्ही पाच-सहा मराठी घरं, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक, एकीची बिर्याणी, दुसरीची तंदुरी मसाला चोळलेली टर्की. खरा गुरुवार आम्ही सुट्टी म्हणून लोळून काढायचो.

त्यामुळे अमेरिकन सुनेच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा, टेनेसीहून फोन आला, "यंदा मी तुमच्याकडे येतो, नवा स्मोकर घेतलाय, पिकअपमध्ये घालून आणतो, टर्की तुमच्याच अंगणात धुरावर करू," तेव्हा मी आपली "या या, नक्की या" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. गुरुवार!

आमचे हे गुरुवारी मांसाहार करत नाहीत. एरवी कोंबडीची तंगडी समोर आली की बोलणं बंद. पण गुरुवार दत्ताचा. आणि नुसतं खात नाहीत एवढंच नाही, ज्या टेबलावर मटण-चिकन मांडलंय तिथे त्या दिवशी बसतही नाहीत. आपलं ताट घेऊन वरच्या खोलीत. नोकरीत होते तेव्हा गुरुवारी ऑफिसची पार्टी असली की हे गाडीत बसून डबा खायचे, भर थंडीत, हीटर लावून.

आता व्याही पहिल्यांदाच घरी येणार. मुलाच्या लग्नात या दोघांचं बोलणं काय झालं, तर हवा आणि पार्किंग. बायको गेल्यापासून ते एकटे असतात. असा माणूस गाडीत चूल घालून इतक्या लांबून येणार आणि घरचा यजमान ताट घेऊन जिना चढणार? मला ते नको होतं. टर्की करपली तरी चालेल, पण या दोघांनी एका टेबलावर जेवावं, एवढंच माझं म्हणणं.

"शुक्रवारी करू या, असं सांगू का त्यांना?" मी यांना विचारलं.

"कशाला? सण त्यांचा, वार त्यांचा. मी जेवीन वर. मला काही वाटत नाही."

"तुम्हाला नाही वाटत हो! त्यांना काय वाटेल?"

यांनी पेपर उघडला. म्हणजे विषय संपला.

शेवटी सुनेला सांगितलं. "आई, जस्ट टेल हिम," असं म्हणून तिने सरळ वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी चाचरत सगळं सांगितलं. व्याही म्हणाले, "आणि धूर? धूर चालतो का?"

मला हसूच आलं. पण यांनी तो प्रश्न मनावर घेतला. चष्मा कपाळावर सरकवून फोनसमोर आले. "धुराचं काही नाही. पण एकाच जाळीवर टर्की आणि भाज्या? चरबी ठिबकते."

"भाज्या वरच्या जाळीवर ठेवू, टर्की खाली."

"वाफ खालूनच वर जाते."

"मग तुमचं आधी," व्याही म्हणाले. "स्मोकर कोराच आहे. तेल लावून एकदा रिकामा तापवायचा, की त्यात पहिलं लागेल ते तुमचं. टर्की मागून."

देवाचा नैवेद्य आधी काढावा आणि मग माणसांची पानं वाढावीत, तसंच झालं की हे! टेनेसीच्या माणसाला हे कुणी शिकवलं? हे "ओके" म्हणाले. जेवायला खाली बसणार का, ते मात्र बोलले नाहीत. टर्की टेबलावर येणारच होती. मीही विचारलं नाही; विचारलं असतं तर "नाही" पक्कं झालं असतं.

मग प्लॅनिंगला रंग चढला. मी मूळची जळगावकडची. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, तेव्हा धुराचं कौतुक मला कुणी सांगायला नको. वांगी, कणसं, रताळी, ढोबळ्या मिरच्या असं ठरलं. सफरचंदाचं लाकूड व्याही आणणार. हे जन्मभर गाड्यांच्या इंजिनाची उष्णता मोजलेले इंजिनिअर. व्याह्यांना म्हणाले, "तुमच्याकडे लागतो तेवढ्या वेळात इथे टर्की शिजणार नाही. इथला वारा तुम्हाला माहीत नाही."

"मी लग्नाच्या आधीपासून टर्की करतोय," व्याही हसले.

"मिशिगनमध्ये नाही केलीत," हे म्हणाले.

गुरुवारी सकाळी ड्राइव्हवेवर स्मोकर पेटला. हे कानटोपी घालून "नुसतं बघतो" म्हणत बाहेर गेले ते गेलेच. वांगी काय सुरेख झाली! वरून कोळसा, आत लोणी. मग टर्की चढली आणि दुपारी वारा सुटला. स्मोकरचा काटा वर सरकेना. व्याही लाकूड घालायला झाकण उघडायला गेले की हे ओरडायचे, "उघडू नका, कमावलेली उष्णता सगळी जाईल!" शेवटी यांनीच गॅरेजमधून प्लायवूड ओढत आणून आडोसा केला.

जेवायची वेळ झाली. व्याह्यांनी टर्कीत थर्मामीटर खुपसला आणि त्यांचा चेहरा पडला. "अजून कच्ची आहे."

"डॅड, आय ॲम स्टार्व्हिंग," सून दारातून म्हणाली.

व्याह्यांनी यांच्याकडे पाहिलं. "हे तुमच्या देवाने केलं का?"

"छे हो. हवेने केलं. मी सांगत होतो." आणि दोघंही हसत सुटले, नाकं लाल झालेली.

टेबलावर भरीत, भाकरी, कणसं, रताळी आणि सुनेची क्रॅनबेरीची चटणी. बाकी काही नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून यांच्याकडे बघत होते. यांनी हात धुतले, जिन्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, व्याह्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "वाढ."

भरताच्या पहिल्या घासाला व्याह्यांना ठसका लागला. आमच्याकडच्या हिरव्या मिरच्या त्या, कुणाची भीड ठेवत नाहीत. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि ताट पुढे केलं, आणखी घाला म्हणून. पण त्यांचा जीव बाहेर अडकलेला. दोन घास झाले की उठायचे, बाहेर जाऊन टर्की बघायचे, परत यायचे. शेवटी ते पुन्हा उठायला लागले तसा यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. जेवा निवांत. माझं झालंय, मी बघून येतो." आणि थर्मामीटर उचलून निघालेसुद्धा.

मी मागून ओरडले, "अहो, गुरुवार आहे!"

"थर्मामीटरला कसला वार?" असं म्हणत यांनी कानटोपी चढवली आणि दार ओढून घेतलं.