भिंतीपलीकडची अक्काबाई

आमच्या सातपूरच्या कॉलनीत दोन हजार तीन साली एक बातमी जोरात होती: माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी मंजुषा खैरनार सासूला रोज अकरा ते एक या वेळेत फाडून खाते. बातमी मीच पसरवली होती, त्यामुळे तपशील पक्का होता. "या घरात एक तर तू राहशील, नाहीतर मी!" हे मी स्वतः ऐकलं होतं. तेही तीनदा, दर वेळी थोडं चढ्या आवाजात.

शेवटी आमच्या सौ. शुभांगीबाई लोणच्याची वाटी घेऊन चौकशीला गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या. भांडण नव्हतंच. मंजुषा ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालत सासूचं आणि सुनेचं एकटीच बोलत होती. खरी सासू, मालनबाई, खाली बसून मेथी निवडत होत्या आणि मध्येच फटकारत होत्या, "अशी कुठली सासू बोलती गं? एक तर तू नाहीतर मी, म्हने! मी कशाला जाऊ? घर माझं हाय."

मंजुषाने वहीतलं आधीचं वाक्य खोडलं, सासूचं हे लिहिलं. पुढच्या सोमवारी साडेसातला ते टीव्हीवरच्या मालिकेत आलं.

मंजुषा नांदगावची. ब्याण्णव साली समाधानशी लग्न होऊन इथे आली. समाधान कारखान्यात फिटर. त्याला कामगार नाट्यस्पर्धेत उभं राहायची भारी हौस, पाठांतर मात्र शून्य. बायको त्याला झेपतील अशी वाक्यं लिहून देऊ लागली, आणि दोन वर्षांत अख्खं नाटकच लिहून मोकळी झाली. त्यात समाधानच्या वाट्याला पोलीस आला, तीन वाक्यांचा. त्यातलं एक तो विसरला. लेखनाचं बक्षीस मात्र मिळालं, आणि एका परीक्षकाने मुंबईचा फोन नंबर दिला. मग काही वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिल्यावर तिला स्वतःची रोजची मालिका मिळाली.

रोजची म्हणजे रोजची. पाच वाजेपर्यंत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून भागाचा फॅक्स गेलाच पाहिजे. बाई बसायची म्हणून नाही. फ्रिजवर वही ठेवून उभ्याने लिहायची, दोन ओळी झाल्या की पुन्हा चालायची. पावणेपाचला ती जिना उतरली की नुसत्या चपलांच्या आवाजावरून मी सांगायचो, आजचा भाग जमलाय की रेटलाय.

मालिकेतली सासू अक्काबाई म्हणजे हुबेहूब मालनबाई. तीच तिरकी मान, तोच पदर खोचणं. मालनबाईंनी मखमलाबादला भाजीचे वाफे राखले होते, बाजारात पाट्या विकल्या होत्या. आता त्याच बाजारात जुनी गिऱ्हाइकं हाका मारायची, "ओ अक्काबाई, आज सुनेला काय सुनावनार?" म्हातारी पाव किलो गवार घ्यायला जायची आणि दोन तासांनी परत यायची. पन्नास वर्षं त्या बाजारात त्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

दोन हजार चार साली दसऱ्याच्या आसपास मुंबईहून फोन आला. वाहिनीवरची कुणी पोरगी. "मॅडम, टीआरपी पडलाय. दिवाळीच्या आत अक्काबाईंना संपवा. नाहीतर आम्हाला रायटर बदलावा लागेल."

हे मला समाधानने सांगितलं. मालनबाईंना सांगायची मात्र घरात कुणाची हिंमत नव्हती. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. मंजुषा कुजबुजत लिहू लागली. पावलं तेवढी ऐकू यायची, सकाळी, दुपारी, कुकरच्या शिट्ट्यांमध्येसुद्धा. तिने अक्काबाईला दवाखान्यात टाकलं आणि मारायचं टाळत राहिली. डॉक्टर "चोवीस तास महत्त्वाचे" म्हणाले, ते चोवीस तास नऊ भाग चालले. दहाव्या दिवशी मुंबईहून निरोप: उद्याच्या फॅक्समध्ये मरण हवं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भिंतीपलीकडून मालनबाईंचा आवाज आला. मी कान लावला, खोटं कशाला बोलू?

"मंजू, ती बाई काय आता उठत नाय ना?"

मग मंजुषा म्हणाली, "नाही, आई. आज शेवटचं लिहायचंय. नाहीतर मालिका दुसऱ्याकडे जाईल."

"मग नळ्या लावून नको मारू मला. धा दिस झाले, एक शबूद बोलले नाय मी. घरी आन. मेथी निवडाया बसव आन् भांडता भांडता जाऊ दे."

त्या दिवशी भांडण पुन्हा सुरू झालं. फरक इतकाच की सासूचं सासूच बोलत होती. चारच्या सुमारास एक वाक्य अर्ध्यावर तुटलं, आणि पुढे पावलंही थांबली. मंजुषा पहिल्यांदाच खाली बसली होती म्हणे.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन खैरनारांकडे हजर. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, हा रिवाज. थट्टेत सुरू झालं होतं, पण दोघीतिघींचे डोळे खरेच सुजलेले. दार मालनबाईंनी उघडलं. स्वतःच्या दुखवट्याची दीड भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "पिठल्यात मिरची कमी हाय. अक्काबाईनं खपवून घेतलं नसतं."

मंजुषा न जेवताच वही घेऊन उठली. पुढचे आठ दिवस नुसती पावलं, आणि भाग दुखवट्यावर रेटलेले. मालिकेतल्या सुनेला भांडायला कुणी उरलं नव्हतं, आणि मालनबाई म्हणायच्या, "मेलेली बाई कशी बोलंल? तुझं तू बघ."

नवव्या दिवशी ती जिन्यात भेटली. हातात कागद, चप्पल पळायच्या बेतात. मी काडी टाकलीच, "काय वहिनी, सासूला तर मारलंत. आता लिहिणार काय?"

मंजुषा म्हणाली, "भाऊजी, सासू गेलेल्या घरात आता भिंतीला कान लावणारा शेजारी येतो. सगळं आईंनीच सांगितलंय, मी फक्त तुमच्या बनियनचा रंग बदललाय."